आजोबांची कवळी

मे महिना सरत आला की आमच्या गावात क्रूस घरी येतात. चर्चच्या मागे उतारावर आमची सिमितेर आहे, म्हणजे दफनभूमी. तिथल्या चारदोन कबरींवर संगमरवर आहे, पण आमच्यासारख्यांची कबर म्हणजे मातीचा उंचवटा, उशाशी चौकोनी भोक पाडलेला एक चिरा आणि त्या भोकात रोवलेला लाकडी क्रूस. इकडचा पाऊस लाकूड कुजवल्याशिवाय राहत नाही. म्हणून पावसाळ्यापुरते क्रूस काढून घरी आणायचे, पडवीच्या वाशांना बांधून ठेवायचे, आणि पाऊस गेला, गवत कापून झालं, की काजूच्या टरफलांचं काळं तेल फासून पुन्हा जागच्या जागी रोवायचे. नोव्हेंबरात आल्मांच्या दिवशी सगळं गाव आपापल्या मेलेल्या माणसांसाठी मेणबत्त्या लावायला येतं. त्याच्या आत हे काम उरकावं लागतं.

लहानपणी मला यात काही विशेष वाटत नसे. शाळेतल्या एका मैत्रिणीला मी सहज सांगितलं होतं, की आमचे आजोबा सध्या पडवीत आहेत, ऑक्टोबरात परत जातील. ती पूर्ण पावसाळाभर आमच्याकडे फिरकली नाही.

एका घराची एकच कबर असते. घरातलं कुणी गेलं की तीच उघडायची, आधीच्या माणसाची हाडं नव्या पांढऱ्या कापडात बांधून पायथ्याशी ठेवायची, आणि नव्याला तिथंच निजवायचं. आमच्या कबरीत माझे पणजोबा आहेत, पणजी आहे, आजी आहे आणि सगळ्यात वर आजोबा. पप्पा म्हणतात, आमच्या घराण्यात एकत्र कुटुंब टिकलं ते तिथंच.

आजोबा बोटीवर खानसामा होते. कुठल्याशा परदेशी बंदरात त्यांनी वरचे दात बसवून घेतले आणि सुट्टीवर आले ते कवळी घेऊनच. गावात तोवर कुणी कवळी पाहिली नव्हती. रविवारची मिस्सा सुटली की चर्चच्या पायरीवर पोरं त्यांना गराडा घालायची, आणि आजोबा फादर आत गेल्याची खात्री करून फटकन दात बाहेर काढून दाखवायचे. पोरं किंचाळत पळायची आणि लगेच परत यायची. जेवताना मात्र कवळी खिशात. एवढी महागाची वस्तू बांगड्याच्या काट्यांवर झिजवायची नाही, असं त्यांचं म्हणणं. ते गेले तेव्हा मी आठेक वर्षांची असेन. दात काढून ठेवायचे की राहू द्यायचे यावर मोठ्या माणसांची बरीच कुजबूज झाली. शेवटी पप्पांनी स्वतःच्या हातांनी ते त्यांच्या तोंडात बसवले. कबर खणायलाही पप्पा होतेच.

आजोबांच्या शेजारी, डाव्या हाताला, त्यांचा दोस्त होता. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे ज्यांचं घर आहे, त्या घरातला कर्ता. दोघं एका बोटीवर, एका खोलीत, आणि मेल्यावरही एकमेकांना लागून. आम्ही त्या घराला ‘पलतडचे’ म्हणतो, म्हणजे पलीकडच्या काठाचे. आजोबांच्या दोस्ताची बायको मागे बरीच वर्षं जगली. सगळं गाव तिला व्हडली माय, म्हणजे मोठी आई, म्हणायचं. पप्पांची आई ते लहान असतानाच गेली, आणि आजोबा बोटीवर. तेव्हा पप्पांना भरवलं, न्हाऊमाखू घातलं, परीक्षेला जाताना कपाळावर क्रूस काढला, तो व्हडल्या मायनंच. तिचा मुलगा आणि पप्पा एका वयाचे, एका ताटात जेवलेले.

मग मधे आला फणस.

फणस दोन्ही घरांच्या भाताच्या कुणग्यांमधल्या बांधावर होता. म्हातारे होते तोवर तो कुणाचा, हा प्रश्नच नव्हता. खाली पडलेला फणस ज्याच्या पायापुढे पडला त्याचा. म्हातारे गेले आणि दोन्ही मुलगे शहाणे झाले. एका उन्हाळ्यात पप्पांनी गरे तळायला म्हणून दोन कच्चे फणस उतरवले, पलतडचे काका कोयता घेऊन आले, शब्दानं शब्द वाढला, एकमेकांच्या मेलेल्या बापांपर्यंत गेला, आणि बोलणं बंद झालं. पप्पा एसटीत ड्रायव्हर. घाटातल्या वळणावर गाडी इतकी सुरेख मागे घेत, की प्रवासी खिडकीतून बघत राहत. पण स्वतःचा शब्द मागे घ्यायची वेळ आली, की या माणसाला रिव्हर्स गिअरच नव्हता. पुढे एका वादळात तो फणस मुळापासून उलथला. भांडण मात्र होतं तिथं उभं राहिलं.

बायका चोरून बोलत. मम्मी आणि व्हडली माय चर्चमध्ये एकाच बाकावर बसत. पप्पाही व्हडली माय समोर आली की टोपी काढून मान लववत, पण तिच्या दारात जायचं म्हणजे व्हाळावरचा साकव ओलांडून काकांच्या दारात जायचं. ते काही त्यांनी केलं नाही.

मी हायस्कूलला असताना एका पावसाळ्यात सिमितेरीचा वरच्या अंगाचा दगडी गडगा ढासळला. चिरे आणि चिखल उतारानं खाली आले, उंचवटे सपाट झाले, उशाचे दगड गाळाखाली गेले. ऑक्टोबरात गावानं मिळून गाळ उपसला, आणि ज्यानं त्यानं आपापला दगड ओळखून आपापला क्रूस रोवला. पप्पांना एकच दिवस रजा होती. ते सकाळी जाऊन आपला क्रूस रोवून आले. पलतडचे काका दुसऱ्या दिवशी गेले. आदल्या दिवशी एकत्र गेले असते, तर पाच मिनिटांचं काम होतं.

त्यानंतरची दर वर्षीची एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर आहे. आल्मांच्या दिवशी आम्ही आमच्या क्रुसापुढे रांगेत उभे. पप्पांच्या हातात मेणबत्ती, ओठांवर प्रार्थना, आणि मान मात्र वळलेली, पलतडच्यांच्या कबरीकडे. अगदी टक लावून. मम्मी दातओठ खायची. घरी आल्यावर म्हणायची, “आजच्या दिसाक तरी त्यांच्याकडे डोळे वटारूचे नाय होते.” पप्पा टोपी खुंटीला अडकवून आत जात. मलाही त्या मानेचा राग यायचा. मेलेल्यांच्या समोरसुद्धा या माणसाला भांडण खाली ठेवता येत नाही, असं मी मनाशी म्हणायची, आणि थोडं मोठं झाल्यावर तोंडावरही म्हटलं.

आणखी एक होतं. आम्ही मेणबत्त्या लावून निघालो आणि काही विसरलं म्हणून परत गेलो, की आमच्या क्रुसाला अबोलीचा एक गजरा अडकवलेला दिसायचा. आमच्याकडे अबोली नव्हती. मम्मी म्हणायची, कुणीतरी घाईत चुकून घातला असेल. दर वर्षी कोण चुकतं, हे काही आम्ही विचारलं नाही.

पुढे मी कणकवलीला शिक्षिका झाले, लग्न झालं, मुलगा मोठा होऊन पुण्याला गेला. पप्पा ऐंशीच्या घरात आले. दर मे महिन्यात कणकवलीहून येऊन क्रूस काढा, बांधा, ऑक्टोबरात तेलानं हात काळे करा, याचा मला कंटाळा यायला लागला. खरं सांगायचं तर कंटाळ्याच्या खाली भीती होती. माझ्यामागे हे कोण करणार? मुलगा म्हणाला, “एकदा संगमरवर घालून टाकूया, नावं कोरूया, कायमची कटकट मिटेल.” मला पटलं. पप्पांकडे विषय काढला तर ते उसळलेच. “मी जिवंत आसंय तवसर थंय दगडावर नाव घालूचा नाय!” का, ते सांगेनात. मी तीन-चार वर्षं नेटानं मागे लागले आणि त्यांनी तितक्याच नेटानं नकार दिला. म्हातारपणीचा हट्ट म्हणून मी सोडून दिलं.

गेल्या फेब्रुवारीत व्हडली माय गेली. नव्वदी कधीच ओलांडलेली. रात्री झोपली ती उठलीच नाही. तिनं मुलाला आणि सुनेला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून ठेवली होती, की तिला तिच्या घोवाशेजारी निजवायचं. तो माणूस जन्मभर बोटीवर होता. वर्षातला महिना-दीड महिना काय तो घरी. ती म्हणायची, “संसार म्हणान तो काय केलो नाय, आता तरी एका जाग्यार रवांदे.” चार वाजता मिस्सा आणि मग दफन असं ठरलं. मी सकाळच्या गाडीनं कणकवलीहून आले. पप्पा पडवीत आरामखुर्चीत बसले होते. चहा गार झाला होता.

मी विचारलं, “पप्पा, येतल्यात मां?”

“सिमितेरीत येतंय,” ते म्हणाले. “घरी नाय.”

मला बोलायचा कंटाळा आला. मी आत जाऊन काळी साडी काढायला लागले.

दहा-साडेदहाला कबर खणणारा माणूस आला. चर्चच्या कामाला असतो तो. पायांना ओली माती, हातात केळीच्या पानाचं एक पुडकं. अंगणातच उभा राहिला.

“काकानू,” तो म्हणाला, “जरा ह्यां बगा. पलतडच्यांच्या कबरीत गावलां.”

त्यानं पान उघडलं. आत वरची कवळी होती. हिरड्यांचा भाग काळपट पडलेला, दातांवर लाल माती, पण दात सगळे जागच्या जागी. मी आठ वर्षांची झाले आणि चर्चच्या पायरीवर जाऊन उभी राहिले. त्या गावात त्या काळी कवळी एकाच माणसाची होती. हे त्या खणणाऱ्यालाही ठाऊक होतं, त्यानं आपल्या बापाकडून ती गोष्ट ऐकली होती. म्हणून तर तो मयताच्या घरी न जाता आधी आमच्याकडे आला होता.

“थंय घरात सगळी रडतत,” तो म्हणाला. “थंय कसां सांगू? आणि खणू काय थांबू, तां पण सांगा.”

पप्पांनी कवळी हातात घेतली. अंगठ्यानं एकेका दातावरची माती पुसली.

“म्हणजे आजोबा त्यांच्या क्रुसाखाली आहेत,” मी म्हटलं. माझं मलाच ऐकताना विचित्र वाटलं. “पप्पा, आपण इतकी वर्षं चुकीच्या कबरीवर...”

“माका म्हायत आसा,” पप्पा म्हणाले.

मम्मी स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिथंच थांबली.

मग पप्पांनी सांगितलं. वर बघितलं नाही, हातातल्या दातांकडे बघत सांगितलं. आजोबांची कबर खणताना एका अंगाला कातळ लागला होता, म्हणून त्यांनी ती वांयच, जराशी तिरकी खणली होती. गडगा ढासळला त्या वर्षी घाईत त्यांनी समोर दिसला त्या दगडात क्रूस रोवला. दुसऱ्या दिवशी काकांनी शेजारच्या, उरलेल्या दगडात आपला रोवला. वर्षभरानं माती बसली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आमच्या क्रुसाखालचा खोलगट भाग सरळ आहे आणि पलतडच्यांच्या क्रुसाखालचा तिरका.

“मगे सांगूक काय झालां?” मम्मीनं विचारलं.

“सांगूचां म्हणजे तेच्याशी बोलूक व्हया होतां.”

एवढंच कारण. तीस-पस्तीस वर्षं. मला हसावं की काय करावं ते कळेना. आणि मग एकदम ती मान आठवली. मेणबत्ती धरून उभा असलेला, शेजारच्या कबरीकडे टक लावून बघणारा माझा बाप. तो डोळे वटारत नव्हता. तो आपल्या बापाकडे बघत होता. संगमरवर का नको, तेही कळलं. दुसऱ्याच्या बापावर आपलं नाव कोरून घेणार तरी कसं?

मला रडू आलं, आणि त्याच वेळी इतका राग आला की मी पडवीच्या खांबाला थाप मारली. हात दुखला.

“आता काय करूया?” खणणारा अजून उभाच होता.

पप्पांनी मान हलवली. “बुजव ती परत... नाय तर... रवांदे. तशीच खण. कोणाक काय कळता?”

मग मात्र मम्मी पुढे झाली. माझ्या आईनं पन्नास वर्षांच्या संसारात नवऱ्यापुढे आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. “कोणाक काय कळता?” ती म्हणाली. “जन्मभर घोवाची वाट बगलेली बायल ती. तुमका भरवल्यान, न्हावक घातल्यान. आणि आज तुमी तिका तुमच्या बापाशेजारी निजवतल्यात? परक्या बाप्याशेजारी? कित्याक, तर तुमची जीभ वळणा नाय म्हणान?”

पप्पा उठले, नळावर गेले, कवळी धुतली, रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. आत जाऊन पांढरा शर्ट घालून आले.

“चल गो,” ते मला म्हणाले.

साकवावर त्यांनी माझा दंड धरला. मम्मी आमच्या मागोमाग होती. व्हाळाला पाणी घोटाभर होतं. मी मनात घोकत होते की काहीही होवो, मयताच्या दारात भांडण नको. पलतडच्यांच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, माणसं बाकांवर बसली होती. आम्ही दिसलो तशी बोलणी एकेक करून थांबली.

पप्पा कुणाकडे न बघता आत गेले. व्हडली माय शवपेटीत होती, हातात रोझरी, एवढीशी झालेली. पप्पा गुडघ्यांवर बसले. ऐंशीच्या माणसाला बसायलाही वेळ लागतो. त्यांनी अंगठ्यानं तिच्या कपाळावर क्रूस काढला, जसा ती त्यांच्या कपाळावर काढायची. मग माझा आधार घेऊन उठले आणि वळले. पलतडचे काका भिंतीशी उभे होते. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. फणसानंतर हे दोघं एवढ्या जवळ कधी उभे राहिले नव्हते.

पप्पांनी घसा खाकरला.

“तुझो बापूस माझ्याकडे आसा,” ते म्हणाले.

काकांना काही समजलं नाही. कुणालाच समजलं नाही.

“आणि माझो तुझ्याकडे.” पप्पांनी खिशातून रुमाल काढून उघडला.

काकांनी ती कवळी बघितली. त्यांनीही लहानपणी त्या दातांना भिऊन धूम ठोकली होती. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर सगळा हिशेब उलगडत गेला.

“कधीपासून?”

“गडगो पडलो त्या वर्सापासून.”

“आणि तू आता सांगतंस?”

“तू खंय बोलत होतंस?”

“मी? तू बोलत नाय होतंस, मेल्या!”

झालं, म्हटलं, शवपेटीवरून फणस परत उगवला. पण काकांचा आवाज मधेच फाटला. ते खुर्चीवर बसले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. रडतायत असं वाटून त्यांची बायको पाणी घेऊन धावली. ते हसत होते, आणि रडतही होते. “इतकी वर्सां,” ते म्हणाले, “इतकी वर्सां मी तुझ्या बापाशीक मेणवाती लावतंय! तेच्या नावान मिस्सा घालतंय!”

“मी पण लावलंय तुझ्या बापाशीक,” पप्पा म्हणाले. “काय कमी केलंय नाय.”

“आणि ह्या म्हातारेक म्हायत होतां काय रे?” काकांनी शवपेटीकडे बघितलं.

काकांची बायको म्हणाली, आल्मांच्या दिवशी म्हातारी दर वर्षी अबोलीचे दोन गजरे करून न्यायची. एक सगळ्यांसमोर घालायची. दुसऱ्याचं काय करते, ते कुणी विचारलं नव्हतं. मम्मीनं आणि मी एकमेकींकडे बघितलं. तिला नक्की ठाऊक होतं, की नुसता मनाचा कौल होता, की नवऱ्याच्या दोस्तालाही एक गजरा म्हणून ती घालत होती, हे आता विचारायची सोय नाही. मला वाटतं, तिला ठाऊक होतं. बोलली असती तर मुलगा कुदळ घेऊन निघाला असता आणि आणखी एक भांडण उभं राहिलं असतं, म्हणून ती अबोलीवर भागवत राहिली.

त्यानंतर फार वेळ नव्हता. आमच्या क्रुसाखालची कबर उघडायची तर आमच्या घराची परवानगी लागते, ती देणारा माणूस समोरच उभा होता. खळ्यातले निम्मे पुरुष उठून सिमितेरीत आले. पप्पांनी आमचा क्रूस स्वतः उपटला. एकट्यानं जमेना, तेव्हा काकांनी खालून हात लावला. खणणारा दमला की दुसरा उतरत होता. मी साडी खोचून घमेली उचलली. पप्पा काठावर बसून सूचना देत होते, “वांयच डावीकडे... येवंदे, येवंदे... बस!” एसटी मागे घेताना कंडक्टर ओरडतो तसंच. कुणीतरी हसलं आणि लगेच ओशाळून गप्प झालं.

काकांच्या वडिलांची हाडं लागली तेव्हा सगळे मागे सरले. काका स्वतः उतरले. पांढऱ्या कापडात त्यांनी एकेक हाड ठेवलं, मातीत बोटं घालून चाचपून. इतकी वर्षं शेजारच्या कबरीपुढे हात जोडणाऱ्या त्या माणसाला पहिल्यांदा आपला बाप हाताला लागत होता. मी दुसरीकडे बघितलं.

आमची खरी कबर, पलतडच्यांच्या क्रुसाखालची, अर्धी उघडी होती. आजोबांना पुरतं उघडलं नव्हतं, दात तेवढे वर आले होते. पप्पा तिच्या काठावर पोटावर पालथे झाले, खाली हात घातला आणि कवळी ठेवली. “घे,” म्हणाले. “मासे खाताना काढून ठेय.” मग आम्ही माती लोटली, आणि दोन्ही क्रूस आपापल्या दगडात गेले.

चारच्या मिस्सेला पाच वाजले. फादर बाहेरगावचे, नवीन. त्यांना काय झालंय ते नीट कळलं नव्हतं, पण दोन्ही घरं एका बाकावर बसलीत एवढं त्यांनी बघितलं असावं. व्हडली माय उन्हं उतरताना आपल्या घोवाशेजारी गेली. तिच्या पायथ्याशी ते पांढरं गाठोडं ठेवलं. आता बोट सुटायची नव्हती.

त्या वर्षीच्या मेमध्ये दोन्ही घरांचे क्रूस आमच्या पडवीत आले. पलतडच्यांच्या पडवीला गळती आहे म्हणून, असं काकांचं कारण. काका ते बघायला म्हणून दर दोन दिवसांनी साकव ओलांडून येत, आणि क्रुसांकडे न बघता चहा पिऊन जात. पप्पा आणि ते एसटीच्या गाड्यांवरून, पावसावरून आणि एकमेकांच्या ऐकू न येण्यावरून भांडत. माझ्या मुलानं पुण्याहून फोनवर संगमरवराचं पुन्हा विचारलं. मी नको म्हटलं. दगड एकदा बसवला की कुणी कुणाकडे जात नाही, कुणाला काही विचारत नाही. तू ऑक्टोबरात ये, म्हटलं, तेल फासायला माणूस कमी आहे. तो आला. हात काळे करून, कुरकुरत, पण आला.

आल्मांच्या दिवशी मी अबोलीचे दोन गजरे नेले. एक व्हडल्या मायला, एक आजोबांना. पप्पांनी आपल्या बापासमोर, तिरक्या कबरीपुढे, मेणबत्ती लावली. मी मुद्दाम त्यांच्या शेजारी उभी होते. इतक्या वर्षांनी त्यांना सरळ उभं राहिलेलं बघायचं होतं मला.

प्रार्थना सुरू झाली आणि पप्पांची मान वळली. पलतडच्यांच्या कबरीकडे.

“पप्पा,” मी हळूच म्हटलं, “आता समोर बगा. आजोबा हंय आसत.”

“म्हायत आसा गो,” ते म्हणाले. “पण इतकी वर्सां मी हेच्यासमोर उभो रवलंय. घरची, नोकरीची सगळी गाऱ्हाणी हेकाच घातलंय. एकदा पण ह्यो उलटून बोललो नाय. आता हेका पाठ कशी दाखवू?”

काकांनी ते ऐकलं. आपल्या बापाच्या उशाशी लावलेली मेणबत्ती त्यांनी थोडी सरकवली आणि तिच्याशेजारी जागा केली. पप्पांनी माझ्या हातातली दुसरी मेणबत्ती घेतली आणि तिथं नेऊन लावली.